डबीवरचा हिरवा दिवा

लोणावळा,
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,

तुझी डबी पोचली. निलेशने प्रवाशांची जीप शाळेच्या फाटकापाशी लावली आणि स्वतः आत येऊन ती माझ्या हातात दिली. वर तुझ्या वतीने तीनदा बजावलं, "आबांनी सांगितलंय, आपटायची न्हाई, भिजवायची न्हाई, पोरांच्या हाती द्यायची न्हाई." पवनानगरहून दुधिवरे खिंडीतून इथवर त्याने ती मांडीवर ठेवून आणली म्हणे. घाटात गाडी चालवताना मांडीवर डबी, याचा मी विचारच करणार नाही.

फोनवर मी ओरडते आणि तू नुसतं "हो हो" म्हणतोस, म्हणून हे पत्र. सव्वीस वर्षं कारखान्यात राहून तुझे कान गेले, पण अक्षर अजून माझ्यापेक्षा सुंदर आहे.

डबी का मागितली ते आता नीट सांगते. गेल्या वर्षी एका संस्थेने आमच्या शाळेला मातीविना शेतीचा संच दिला. मी विज्ञान शिकवते, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. तळमजल्यावरच्या जुन्या प्रयोगशाळेत पांढरे पाइप मांडलेत. त्यांच्या भोकांत नारळाच्या भुशावर पालक आणि लेट्यूस लावलंय, खाली पंपाने खताचं पाणी फिरतं आणि वर जांभळे दिवे. सातवीची सहा मुलं ही बाग सांभाळतात. जुलैत पावसामुळे आठ-आठ दिवस खिडक्या उघडता आल्या नाहीत. खोलीत सतत पाणी, त्यामुळे भिंतीवर काळी बुरशी धरली. मी ती पाहिली आणि "नंतर बघू" म्हटलं. मग एके दिवशी त्या खोलीत या सहांपैकी आकाशला दम लागला. तो तोंड उघडून हवा ओढत होता आणि आत काही जात नव्हतं. त्याचे ओठ निळसर झालेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले, मामा. मी त्याला उचलून बाहेर पळत नेलं आणि तो वाचला. त्याच्या आईने उलट माझेच आभार मानले, त्याचंच जास्त लागलं.

बुरशी खरवडून चुना दिला. तरी रोज ते दार उघडताना मी आधी उंबऱ्यातच थांबून वास घेते. भिंत दिसते, पण हवा कुठे दिसते? म्हणून हवा मोजणारी डबी तुझ्याकडे मागितली.

काल डबी भिंतीला लावली. रिकामी खोली चौऱ्याऐंशी. मुलं आत आली तर एकशे एकतीस आणि पिवळा दिवा लागला. मुद्दाम खिडक्या लावून बघितल्या तर एकशे बहात्तर झाले. सगळ्या खिडक्या सताड उघडल्यावर शहाण्णव आणि पुन्हा हिरवा. त्या आकड्याकडे बघून मला चक्क रडू आलं. आता लक्ष ठेवायला मी एकटी नाही असं वाटलं.

तुझी
आसावरी

---

पवनानगर,
२४ सप्टेंबर २०२४

चि. आसू,

डबी आपटली नाही हे वाचून बरं वाटलं. माझे दोन महिने आणि उरलेसुरले डोळे तिच्यात गेलेत.

ती काय करते ते सांगतो, म्हणजे तुला भरवसा वाटेल. तिच्या पुढच्या जाळीआड नखाएवढा पंखा आहे. तो खोलीतली हवा आत ओढतो. आत धूळ मोजली जाते, माणसांच्या श्वासातला वायू मोजला जातो आणि जळणातून निघणारा वायूही मोजला जातो. तिन्ही मिळून एक आकडा. शंभराच्या आत हिरवा दिवा, त्यावर पिवळा, दोनशेवर तांबडा. तांबडा लागला की ती बोंब मारते, मला ऐकू येईल एवढी.

आकाशचं वाचून मलाही धस्स झालं. पण तू लहानपणापासून भित्री आहेस. विहिरीत डोकावायचं तर माझा हात दोन्ही हातांनी धरायचीस. आता डबीचा हात धर आणि जरा निवांत हो.

एक कर. प्रत्येक पत्रात त्या दिवशीचा आकडा लिहीत जा. गुडघे धरल्यामुळे मी घर आणि धरणाची भिंत यापलीकडे जात नाही. शेजारचा मारुती भाजी आणतो, निलेश टपाल आणतो. म्हाताऱ्याला तेवढीच करमणूक.

त्र्यंबकमामा

---

लोणावळा,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

आजचा आकडा आधी. अठ्ठावन्न! डबी आल्यापासूनचा सगळ्यात चांगला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून शुक्रवारीच पाटीपूजन उरकलं. आमच्या शाळेत अंबूबाई म्हणून सेविका आहेत, औंढ्याच्या. त्यांची नात सृष्टी माझ्या बागेच्या गटात आहे, हुशार आणि अबोल. अंबूबाई म्हणाल्या, "बाई, घरी इळा, कोयती, नांगर समद्यांची पूजा व्हती. मग हितल्या हत्यारांनी काय घोडं मारलंय?" त्यांनी स्वतः पंप, पाइप, बादल्या सगळं पुजलं. तुझ्या डबीलाही तेलाचं बोट फिरवून वर भरघोस हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. म्हणाल्या, "ही लेकरांची राखण करती, हिचा मान पयला." तुला तिथे उचक्या लागल्या असतील.

पालक एवढा आलाय की मुलांनी घरोघरी जुड्या नेल्या. मी आता दार उघडते आणि पहिल्यांदा हिरव्या दिव्याकडे बघते. तो दिसला की खांदे खाली येतात.

आसावरी

---

पवनानगर,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. आसू,

डबीला पहिला मान मिळाला हे वाचून हसू आलं आणि खरं सांगायचं तर छातीही फुगली. अंबूबाईंना माझा नमस्कार सांग. आमच्या कारखान्यातही दसऱ्याला लेथ मशीनपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडायच्या. फार छान केलंत.

अठ्ठावन्न उत्तमच. झाडांमुळे हवा सुधारली असं मुलांना शिकवू नकोस मात्र. चार पाइप पालकाने एवढ्या मोठ्या खोलीचं काही होत नसतं. खिडक्या उघड्या असतील, त्याचा गुण.

इथे धरणावरून बोचरा वारा सुटलाय. मारुती म्हणतो, यंदा लय थंडी पडणार. दिवाळीनंतरचा आकडा कळव.

त्र्यंबकमामा

---

लोणावळा,
१० डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

उशीर झाला, रागावू नकोस. आकडा अठ्ठावन्न.

मारुतीचं खरं झालं. सकाळी बोटं वाकत नाहीत. पाइपातलं पाणी गार पडलं आणि पालकाची पानं पिवळी पडायला लागली. जानेवारीत ती संस्था बाग बघायला येणार आहे. त्यांना आवडली तर आणखी चार शाळांना संच मिळतील, नाहीतर आमचाही काढून नेतील. मुख्याध्यापिका कौमुदी मॅडम रोज विचारतात. म्हणून खिडक्यांना प्लास्टिकचा कागद ठोकून घेतला आणि खोलीत जरा ऊब केली. कशी ते विचारू नकोस, अंबूबाईंची युक्ती आहे. पानं पुन्हा हिरवी झाली एवढं खरं.

खोली उबदार म्हणून सहाही जण मधल्या सुट्टीत तिथेच बसतात. सृष्टी तर आजीबरोबर साडेसातलाच येते आणि तिथे अभ्यास करत बसते. हल्ली मुलं जरा सुस्तावलीत. वरद तासाला पेंगतो. पायल म्हणते डोकं जड झालंय. घटक चाचणीचे पेपर आत्ताच झाले, शिवाय सगळी मोबाइलवर जागतात. मी आकाशला मात्र आत येऊ देत नाही. त्याच्या जागी दुसरी मुलगी घेतली.

सुरुवातीला मला भीती वाटली होती. पण दिवा हिरवाच आहे. तो नसता तर मी हे सगळं केलंच नसतं.

आसावरी

---

पवनानगर,
२० डिसेंबर २०२४

चि. आसू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला काही गोष्टी समजत नाहीत, त्या स्पष्ट विचारतो.

ऊब कशाने केलीस? विजेच्या हीटरने असेल तर नुसतं तसं लिही, मी गप्प बसेन. "विचारू नकोस" असं तू लहानपणी काहीतरी फोडल्यावर म्हणायचीस.

दुसरं. खिडक्यांना प्लास्टिक आहे, आत सहा मुलं आहेत आणि आकडा अठ्ठावन्न? सप्टेंबरात खिडक्या लावल्यावर एकशे बहात्तर आला होता, तुझंच पत्र माझ्यासमोर आहे. तू आकडा बघून लिहितेस की सवयीने? पुढच्या वेळी डबीसमोर उभी राहून, मुलं आत असताना, बघून लिही.

आणि पेंगणाऱ्या मुलांना मोबाइलवर ढकलू नकोस. मला इथे बसून नसती शंका येते आणि दिवसभर ती जात नाही. लवकर लिही.

त्र्यंबकमामा

---

लोणावळा,
६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

नाताळची सुट्टी आणि मग तपासणीची गडबड, म्हणून पत्र राहिलं. हे आज संध्याकाळच्या जीपने देते.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि ओरडू नकोस. शेगडी. कोळशाची. अंबूबाईंची जाऊ राजमाची पॉइंटवर कणसं भाजते, तिच्याकडून कोळसा येतो. त्या फार काळजी घेतात. शेगडी बाहेर व्हरांड्यात पेटवतात, धूर पार निघून गेला आणि निखारे लाल झाले की मगच आत आणतात. "धूर न्हाई तर बाधा न्हाई," असं त्या म्हणतात आणि खरंच खोलीत धुराचा वासही येत नाही. मी परवानगी दिली ती दिवा बघूनच. पहिल्या दिवशी तासभर डबीसमोर उभी होते. आकडा हलला नाही.

तुझ्या समाधानासाठी आज डबीसमोर उभी राहून लिहिते आहे. प्लास्टिक लावलेलं, शेगडी आत, सहा मुलं आत. अठ्ठावन्न. दिवा हिरवा. आता तरी पटलं?

सृष्टीने आज उलटी केली. सकाळी काही न खाता येते आणि वाटेत बोरं खाते, त्याचं असेल. अंबूबाई म्हणाल्या दृष्ट लागली. मी तिला पाणी पाजून तिथेच उबेला बसवलं. मला वाईट वाटतं, पण बुधवारी पाहुणे येणार आहेत. उद्या मंगळवारी सहाही जण वर्गात न जाता सकाळपासून बागेतच थांबून तक्ते रंगवतील. पानं टवटवीत दिसावीत म्हणून उद्या दोन शेगड्या ठेवायच्या ठरवल्यात.

बुधवार पार पडला की तुला भेटायला येईन.

आसावरी

---

पवनानगर,
मंगळवार, ७ जानेवारी, सकाळचे ९.५०

आसू,

हे वाचत उभी राहू नकोस. आधी शेगड्या बाहेर काढ, प्लास्टिक फाड, मुलं अंगणात ने. मग पुढचं वाच.

डबी बंद पडली आहे. हिरवा दिवा खोटा आहे. तीन महिने एकच आकडा कुठल्याही खोलीत राहत नाही, रिकाम्या देवळातही राहत नाही.

कोळशाचा धूर गेला की विष जात नाही. उलट निखाऱ्यातून निघतं ते दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. आधी डोकं दुखतं, मग पेंग येते, मग उलटी. तू मला तिन्ही लिहिलीस. त्यानंतर काय होतं ते मी पाहिलं आहे. कारखान्याच्या फाटकावर धोंडिबा नावाचा रखवालदार होता. थंडीत कॅबिनच्या फटी बुजवून आत शेगडी घेऊन बसला. सकाळी मीच दार उघडलं. मफलर नीट गुंडाळून खुर्चीत बसला होता, मी त्याला दोन हाका मारल्या. तुझी आई तेव्हा म्हणाली होती की हे मुलांना सांगू नकोस, म्हणून आजवर सांगितलं नाही.

तुझं पत्र मारुतीने आत्ता आणून दिलं. त्याच्या फोनवरून तुला सात वेळा लावला, तू उचलत नाहीस. शाळेचा फोनही नुसता वाजतो. निलेश गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आज रिकामी सोडतोय. मी स्वतः आलो असतो, पण मला जीपमध्ये चढवायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं माझ्याकडे नाहीत. निलेशला तोंडीही सांगितलंय.

सृष्टीला आधी बघ.

---

लोणावळा,
९ जानेवारी २०२५

मामा,

सृष्टी जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण निलेशने तुला काय आणि कसं सांगितलं असेल कोण जाणे.

शिक्षकांचे मोबाइल शाळा भरताना ऑफिसच्या कपाटात ठेवायचा आमच्याकडे नियम आहे. तू सात वेळा फोन केलास तेव्हा मी वरच्या मजल्यावर नववीला शिकवत होते आणि ऑफिसातली माणसं पाहुण्यांसाठी सभागृहात खुर्च्या मांडत होती. साडेदहाच्या सुमाराला खाली आरडाओरडा ऐकू आला. निलेश रखवालदाराला ढकलून आत शिरला होता आणि अंगणात उभा राहून ओरडत होता, "बाई कुटं हायती? शेगडी भाईर काढा! आबांनी सांगितलंय, शेगडी भाईर काढा!"

मी जिना उतरून धावत बागेपाशी गेले आणि दार उघडलं. आता जे लिहिते ते तुलाच लिहू शकते. मी मुलांकडे बघितलं नाही. मी डबीकडे बघितलं. अठ्ठावन्न, हिरवा. आणि मी निलेशला म्हणाले, "अहो, घाबरू नका, आकडा बरोबर आहे." त्याने मला खांद्याने बाजूला सारलं. म्हणाला, "आकडा घाला चुलीत! पोरगी बगा तुमची!"

सृष्टी तक्त्यावर डोकं ठेवून झोपल्यासारखी होती. हातात ब्रश तसाच. पायल भिंतीला धरून उभी होती आणि तिला दार कुठे आहे ते कळत नव्हतं. वरद उगीचच हसत होता. बाकीच्या तिघांना हाक मारली तर ती नुसती बघत राहिली. निलेशने दोन्ही शेगड्या लाथेने बाहेर लोटल्या, मी नखांनी प्लास्टिक फाडलं. पाच मुलं अंगणात आल्यावर ओकली आणि हळूहळू रडायला लागली. रडणं ऐकून मला बरं वाटलं. सृष्टी रडली नाही. मी तिला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तिचं डोकं नुसतं कलंडायचं. अंबूबाई तिचे तळपाय चोळत होत्या आणि एकच म्हणत होत्या, "मीच आणली गं शेगडी, मीच आणली."

निलेशच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसले होते. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईपर्यंत मी काय काय नवस बोलले ते आठवत नाही. ऑक्सिजन लावला. दुपारी दोन वाजता तिने डोळे उघडले आणि विचारलं, "तक्ता पुसला गेला का?" तेव्हा निलेशला खिशातल्या तुझ्या पत्राची आठवण झाली. मी ते दवाखान्याच्या बाकावर वाचलं.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

कौमुदी मॅडमनी लेखी खुलासा मागितला. अंबूबाईंनी माझ्याआधीच जाऊन सांगितलं की शेगडी त्यांनी न विचारता आणली, बाईंना ठाऊक नव्हतं. आणि मॅडमनाही ते सोयीचं वाटलं. मी तिथेच बसून लिहून दिलं. परवानगी माझी, प्लास्टिक माझं, मुलांची डोकी दुखत होती हे मला माहीत होतं, सृष्टीने उलटी केल्यावर तिला पुन्हा तिथे मीच बसवलं. आता जे होईल ते होईल. सहाही घरी जाऊन पालकांनाही हेच सांगितलं. वरदच्या वडिलांनी दार लावून घेतलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

डबी निलेशबरोबर परत पाठवते. मला ती समोर नको. पण तिला काय झालं होतं ते मला कळायला हवं.

आसावरी

---

पवनानगर,
१३ जानेवारी २०२५

चि. आसू,

निलेश मंगळवारीच संध्याकाळी येऊन गेला. पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याने हाताने दाखवलं, पोरगी उठून बसली. मग मीही रडलो.

काल डबी उघडली. जाळीच्या भोकांत तेल आणि कुंकू बसून त्याचा घट्ट लगदा झालाय. झेंडूची एक पाकळी पंख्याच्या पात्यात अडकलेली होती. पंखा दसऱ्यापासून फिरलाच नाही. आत अकरा ऑक्टोबरची हवा कोंडलेली, आणि डबी बिचारी तिचाच आकडा दाखवत राहिली. तिने खोटं सांगितलं नाही, तिला दुसरी हवा मिळालीच नाही.

आता माझं ऐक. तू सगळा दोष आपल्या अंगावर घेऊन मोकळी झालीस, पण त्यातला मोठा वाटा माझा आहे. तू मला लिहिलं होतंस. "तेलाचं बोट फिरवून वर भरघोस हळदकुंकू." तुझं पत्र समोर ठेवूनच हे लिहितो आहे. ते वाचून मी काय केलं? हसलो. छाती फुगली. "फार छान केलंत" असं उत्तर धाडलं. कारखान्यात आम्ही पूजेच्या आधी प्रत्येक मोजणीच्या यंत्रावर पिशवी चढवायचो आणि पिशवीवर कुंकू लावायचो. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून, पुसून, तपासून मगच यंत्र चालू. हे काम सव्वीस वर्षं माझ्याकडेच होतं. माझ्या डबीचा मान झाला म्हणताच सगळं विसरलो. धोंडिबाच्या वेळी मला उशीर झाला होता. या वेळी तीन महिने तू मला दर पत्रात आकडा कळवत होतीस, आणि मीच तो मागितला होता.

अंबूबाईंना सांग की त्यांनी राखणदाराची पूजा केली, त्यात पाप नाही. पिशवी घालायची असते हे सांगायचं काम माझं होतं. आणि हे माझ्या नावाने सांग.

डबी साफ केली आहे. पंखा फिरतो. काल धरणाच्या भिंतीवर नेली तर एकेचाळीस, चुलीपाशी धरली तर बोंबलली. परत पाठवू का, हे विचारायची हिंमत होत नाही. तू सांगशील तसं.

त्र्यंबकमामा

---

औंढे,
२७ जानेवारी २०२५

त्र्यंबक आजोबांना सृष्टीचा नमस्कार.

बाई म्हणाल्या डबी परत मागवायची का ते मुलांनी ठरवायचं. आमी सहा जणांनी हात वर करून ठरवलं, मागवायची. आकाशने पण हात वर केला, तो आता सातवा आहे. तर डबी निलेशमामांकडे द्या. पिशवी पण द्या. आजीने सांगितलंय, पुढच्या दसऱ्याला ती पिशवीलाच कुंकू लावणार.

आता बाग व्हरांड्यात आहे. पाहुणे आले न्हाईत. बाईंना संस्थेच्या कामातून काढलंय, पण आमच्या वर्गावर त्याच आहेत. पालक थंडीने गेला. मेथी तग धरून आहे. आजी शाळेत परत यायला लागली, पण कुठं निखारा दिसला की ती लांबनं वळसा घालून जाते. घरी चूल पेटवताना ती मला लांब बसवते आणि दार उघडं टाकते, आमी सगळे कुडकुडतो.

मी बरी आहे. कधीकधी शब्द आठवत न्हाई, डॉक्टर म्हणाले येईल. मला दार लावलेल्या खोलीत भीती वाटते, ते पण जाईल म्हणाले.

बाईंनी एक वही केली आहे. बागेत गेल्यावर आधी वहीत लिहायचं, डोकं कसं आहे, पोट कसं आहे, झोप येते का. ते लिहून झालं की मगच डबीकडं बघायचं, आधी न्हाई. बाईंनी विचारलं, ह्या वहीत पहिलं कोण लिहिणार. मी म्हटलं मी. मग मी त्या दिवसाचंच लिहिलं. ते बाईंनी वाचलं आणि त्या बाहेर निघून गेल्या. तुमाला पण ते उतरून पाठवते, कारण डबी तुमी केली.

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी पहिल्यापासून माझं डोकं लय दुखत होतं. अक्षरं दोन-दोन दिसत होती. मला बाहेर जावंसं वाटलं म्हणून मी उठले. मग मी डबीकडं बघितलं. दिवा हिरवा होता. बाई म्हणतात हिरवा असला की हवा चांगली असते. म्हणजे मलाच काहीतरी झालं असेल असं वाटलं, म्हणून मी परत खाली बसले.

तुमची,
सृष्टी